दोघींचं आयुष्य वाढलं

२ डिसेंबर, सोहार, ओमान

कमळ, तुझा खोकला बसला का? आल्याचा रस घेतेस, की नुसती वाटी भरून फळीवर ठेवतेस? कोंडाजीभावोजींचा गुडघा कसा आहे? अजून लंगडत नाक्यापर्यंत जातात का पेपर वाचायला? तुझ्या प्राप्तीचं पित्त? लग्न ठरलेल्या पोरीनं उपाशी राहू नये, तिला माझ्या नावानं एक टपली मार. आणि मागच्या पडवीतली ती लंगडी मांजर व्याली का?

मी बरी आहे. निकेत बरा आहे. इथल्या बंदरात त्याचं तेच कंटेनरचं काम, न्हावा शेव्याला करायचा तसंच, फक्त इथे साहेब अरबी. रुचिता बरी आहे, बाळंतपणाची रजा संपली म्हणून कामावर जायला लागली. बाळ गोड आहे, अजून नाव ठेवलेलं नाही. रुचिता घरी येईपर्यंत ते आणि मी, मी आणि ते. खिडकीतून समुद्र दिसतो पण वास येत नाही. वासाशिवाय समुद्र म्हणजे मिठाशिवाय आमटी.

ही डायरी रुचितानं दिली. हे तुला पोचणार नाही हे मला कळतं. घरी आले की ओटीवर बसून वाचून दाखवीन. तुला अक्षर येत नाही आणि मला जे येतं ते निकेतच्या पहिलीच्या पुस्तकावरून उचललेलं, तेव्हा चुकलं तरी पकडणारं कोणी नाही.

निघताना तू नाक्यावर आलीस ते डोळ्यांपुढून जात नाही. ट्रेलरची धूळ, आणि त्यात पदर तोंडाला लावून तू.

"गोदूबाय, वैशाखात प्राप्तीची हळद हाय. त्याच्या आधी येतंस ना?"

"न येऊन सांगते कुणाला? तू ओढ काढशील, झेलील कोण?"

"तेच सांगतंय. मना एकटीला दम पुरत न्हाय आता."

खरंच आहे ते. लग्नातला धवला एकीच्या गळ्यानं गाऊन होत नाही. तू देवाला हाक मारायची, मी ती झेलून मांडवात आणायची. तुझा श्वास संपतो तिथे माझा सुरू होतो. सासूबाईंनी आपल्या दोघी जावांना तसंच जोडलं, एका जुवाला दोन बैल. परक्या पोरींची इतकी लग्नं लावली आपण. आता तुझ्या नातीचं आपल्या तोंडून लागलं की मी मोकळी. मग कोणी बोलावो न बोलावो.

११ डिसेंबर

आज तू फोनमध्ये दिसलीस! रुचितानं लावून दिला. तू फोन इतका जवळ धरलास की मला तुझी एक नाकपुडी आणि अर्धी नथ एवढंच दिसत होतं. तरी पोट भरलं.

तुला सांगितलं ते खरं आहे. जानेवारीच्या शेवटी पियूष इथे येतोय, मस्कतला, गाण्याचा मोठा कार्यक्रम. आपल्या खाडीपलीकडचा पियूष. तुला आठवतं ना, कोणाच्या तरी हळदीत मोबाइल घेऊन आपल्या दोघींच्या मध्ये बसला होता, "आजी, एकदा परत म्हना, एकदा परत म्हना" करत. आता त्याचं ते हळदीचं गाणं कुठे वाजत नाही ते सांग. आधी आपल्या दोघींचा आवाज, मग धडाम धडाम. इथल्या केरळी दुकानदाराच्या फोनमध्येपण आहे!

रुचितानं गाण्याखालचं वाचून दाखवलं : गीत, पारंपरिक.

तू म्हणालीस, "पारंपरिक म्हंजे कोन गो? आपल्या सासूचं नाव व्हतं का ते?"

मी इतकी हसले की बाळ दचकलं.

मग तुला उबळ आली आणि हसणं खोकल्यात गेलं. "छातीत मांजर बसलंय," म्हणालीस. "रातभर घुरघुर करतंय. उशीर नको करूस, गोदूबाय."

मी म्हटलं, वैशाख लांब आहे. तू म्हणालीस, "म्हनून तर."

२९ डिसेंबर

लिहायला वेळ झाला नाही. बाळाला सर्दी. निकेत सांगत होता, तुला पनवेलला दाखवून आणलं, औषध दिलंय, काळजीचं कारण नाही. मी म्हटलं फोन लाव. म्हणाला, ते फोनचं अॅप बंद पडलंय. बंद पडायला त्याला आत्ताच मुहूर्त सापडला.

८ जानेवारी

आज घरात काहीतरी वेगळं होतं. काय ते बोट ठेवून सांगता येत नाही.

निकेत दुपारीच आला. चप्पल न काढता सज्ज्यात गेला आणि पाठ करून फोनवर बोलत राहिला. आत आला तो माझ्याकडे न बघता. म्हटलं, काय रे? "कामातलं आहे, आई." रुचिताही लवकर आली, डोळे लाल. म्हटलं, तुला काय झालं? "धूळ गेली, आई." इथे खिडक्या उघडत नाहीत, धूळ कुठून येते कोण जाणे.

संध्याकाळी निकेतनं डोक्यावरून अंघोळ केली. भर थंडीत! मी देवापुढे दिवा लावायला गेले तर रुचितानं काडेपेटी हातातून घेतली. "आई, धुरानं अलार्म वाजतो." महिनाभर वाजला नाही.

रविवारचं बारसंसुद्धा पुढे ढकललं. मी रवा भाजून ठेवला होता. म्हटलं, घरातल्या घरात करू, पाळण्याला हात लावायला मी आहे. निकेत म्हणाला, "नको म्हटलं ना." आवाज असा की बाळानं ओठ काढला.

त्याचं कामात काही वाकडं झालं असणार. पुरुषाचा राग बाहेर उगवतो आणि घरात मावळतो.

१४ जानेवारी

संक्रांत, आणि घरात तिळाचा दाणा नाही. रुचिता म्हणते, या वर्षी राहू दे. निकेतनं दाढी वाढवलीय. म्हणतो, इथे सगळे ठेवतात.

कमळ, आता खरं लिहिते. माझ्या मनात पाल चुकचुकली. दिवा नाही, गोड नाही, दाढीला वस्तरा नाही. आपल्याकडे याला काय म्हणतात ते तुला मी काय सांगू? आधी वाटलं, रुचिताच्या आईचं काही? पण विनिताबाई तर काल फोनवर पाऊण तास बोलत होत्या, माझ्या कानांनी ऐकलं. शिवाय सुनेच्या माहेरचं निकेत एवढं कशाला पाळेल?

मग दुसरं नाव मनात आलं आणि मी जीभ चावली. अशुभ बोलू नये, लिहू तर मुळीच नये.

निकेतला सरळ विचारलं, "कमळ कशी आहे रे?"

"बरी आहे. हवापालट म्हणून थळला गेलीय, भावाकडे."

"मग लाव फोन तिच्या भावाला."

"थळला रेंज नाही, आई."

थळला एवढा मोठा खताचा कारखाना, त्याच्या रात्रीच्या दिव्यांनी समुद्र पिवळा दिसतो, आणि रेंज नाही? पण निकेत शिकलेला. तो म्हणतो नाही, तर नसेल. आणि तुलाही म्हातारपणी माहेर सुचलं! मी जरा पाठ फिरवली तर चाललीस भावजयीच्या हातचं खायला.

१९ जानेवारी

निकेत सकाळी गुळगुळीत दाढी करून आला आणि म्हणाला, "आई, आज बारसं करून टाकू." करून टाकू! केर काढून टाकू म्हणावं तसं. पण मी खूश. दिवा लावला, अलार्म वाजला नाही. मुलाचं नाव प्रज्योत. पाळणा मी एकटीनं म्हटला. प्रत्येक ओळीनंतर गप्प होत होते, तू उचलशील म्हणून. रुचिता तोंडावर पदर घेऊन आत गेली. पोरगी हळवी आहे.

रात्री दोघं हळू बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कान काय झाकण लावायचे डबे नाहीत.

रुचिता म्हणत होती, "त्यांना कधीतरी कळणारच. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही."

निकेत म्हणाला, "मग सांग. सांग आणि उद्या तिला विमानात बसव. परवापासून बाळ कोणाकडे ठेवतेस? नोकरी सोडणार आहेस?"

मग तिची पावलं पाळण्याकडे गेली.

मला कळलं, कमळ. परतीचं तिकीट पुढे ढकललंय आणि सांगायला घाबरतायत. एवढंच ना? लेकरं आहेत, अडली आहेत. वैशाखाच्या आत सोडा म्हणजे झालं.

३१ जानेवारी

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. हसून हसून पोट दुखेल तुझं.

पियूषच्या कार्यक्रमाला निकेत नेणार नव्हता, पण रुचितानं तिकिटं आधीच काढलेली. मी हिरवं लुगडं नेसले, आपल्या पद्धतीनं, गुडघ्यापर्यंत. पियूषसाठी सुकटीची चटणी घेतली, बरणीला दोन पिशव्या लावून, तरी गाडीत वास आलाच. निकेत वाटभर नाक मुरडत होता. याच चटणीवर मोठा झालास, म्हटलं.

केवढी ती माणसं! सगळी आपली, उरणची, पेणची, अलिबागची, पनवेलची. एवढ्या लांब एवढे सगळे कधी आले देव जाणे. आयोजक म्हणजे कमलेश नावाचे एक मसाल्याचे व्यापारी, त्यांनी आम्हाला पुढून चौथ्या ओळीत बसवलं.

मग अंधार झाला, धूर सोडला, आणि त्या धुरातून तुझा आवाज आला.

कमळ, तुझी ओढ. अख्ख्या दालनात, भिंतींना लागून, छताला लागून. आणि तुझा श्वास संपला तिथे माझा झेल. माझ्या अंगावर काटा आला. माझ्या शेजारची साडीतली बाई डोळे मिटून डोलत होती. मी तिला कोपरानं ढोसून म्हटलं, "ती आमी हाव." तिनं पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

पियूष आला. अंधारात काळा चष्मा, अंगात चांदीसारखा कोट. दोन गाणी झाली. मग त्यानं हात वर केला, बाजा थांबला. मागच्या मोठ्या पडद्यावर आपला दोघींचा फोटो आला, मांडवातला, हळदीनं माखलेला. फोटोला हार, पुढे समई. मला वाटलं, सत्कार! हात आपोआप केसांकडे गेला.

पियूष म्हणाला, "मंडळी, ज्यांच्या गळ्यातून हे गाणं आलं, त्या दोन आज्या आता आपल्यात नाहीत. गोदूआजी मागंच गेली. आणि कमळआजी आत्ता, याच महिन्यात. त्यांचा धवला आता फक्त माझ्या गाण्यात जिवंत आहे. एक मिनिट उभे राहू या."

सगळे उभे राहिले. मीपण राहिले. माझ्याच मयताला मी उभी, हात जोडून! आधी हसू आलं. मग तुझ्या फोटोवरच्या हाराकडे बघितलं आणि जोडलेले हात खाली घेतले. निकेतकडे वळले. तो खाली बघत होता. रुचितानं बाळाला घट्ट धरलेलं.

मला राहवलं नाही. "अरे पियूष! मेल्या, मी हाय ना हितं!"

आधी कोणाला कळेना. मागून एक जण फिसकन हसला, मग ओळच्या ओळ हसली. कमलेशभाई बॅटरी घेऊन धावत आले, माझ्या तोंडावर उजेड मारला, पडद्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. पियूषनं चष्मा कपाळावर चढवला.

"आयला, आजी! वरून सोडली कोनी तुला?"

काय हशा झाला! मला धरून वर नेलं. पियूष म्हणाला, "मंडळी, भूत नाचतं का बघू या," आणि बाजा सुरू झाला. खालून सगळे शिट्ट्या मारतायत, फोन वर धरलेत, "भूत, भूत" ओरडतायत. मी पण दोन हात वर केले आणि दोन पावलं टाकली. पोरगं आपलंच, थट्टा करणारच. लुगड्याचा काष्टा थोडा सुटला तेव्हा तर काय विचारू नको.

मग मी त्याच्या हातातला माइक धरला आणि म्हटलं, "ऐका! कमळ बी जिवंत हाय. थळला भावाकडं गेलीय, खोकल्याचं औषध घ्यायला. तिच्या नावानं टाळ्या वाजवा."

वाजवल्या, कमळ. अख्ख्या मस्कतनं तुझ्या नावानं टाळ्या वाजवल्या.

निकेत वर आला आणि माझ्या दंडाला धरून आत घेऊन गेला. दंड अजून दुखतोय. माझं लुगडं नीट करायला रुचिता आली.

गाणं संपल्यावर पियूष आत आला, घामानं निथळत. पाया पडला. म्हणाला, "आजी, तुझ्या बाबतीत चूक झाली, मान्य; तू गेली एवढंच ऐकलं व्हतं. पण कमळआजीच्या दारात तर मी सोता..."

निकेतनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चुकीचं ऐकलंस, पियूष. दोघींचंही."

पियूषनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग रुचिताच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाकडे. मग त्यानं चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

"व्हय, आजी. माझ्याबरोबरच्या पोरांची चूक. काय म्हनतात ते? मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. दोघींचं आयुष्य वाढलं."

बघ! मी उगाच संक्रांतीपासून मनात काय काय घेऊन बसले होते. माझं जसं खोटं निघालं तसंच तुझं. एकाच पंगतीला बसवलं मेल्यांनी आपल्याला आणि एकाच पंगतीतून उठवलं.

मी त्याला बरणी दिली. म्हटलं, "आता तरी आमची नावं लाव गान्याला."

तो हसला. "आता जिवंत निघालीस तर लावावीच लागतील." त्याच्याबरोबरची माणसंही हसली. निघताना बघितलं तर बरणी आरशापुढे तशीच होती. गडबडीत विसरला असेल.

येताना रुचिता मागच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसली. निकेत मात्र कितीतरी दिवसांनी माझ्याशी हसून बोलला.

४ फेब्रुवारी

माझं ते नाचणं म्हणे फोनाफोनांतून फिरतंय. "जिवंत भूत." केरळी दुकानदारानं मला बघितलं आणि दोन हात वर करून कंबर हलवली. मी दूध घेऊन आले. निकेतला त्याचा साहेब बोलला. निकेत मला म्हणाला, "आई, आता घराबाहेर पडत जाऊ नको." बरं, म्हटलं.

रुचिता एकटी सापडली तेव्हा विचारून घेतलं. "रुचिता, मी तुझ्या आईच्या जागी आहे. कमळ आहे ना गं?"

तिनं तोंड उघडलं. उघडलेलं मी बघितलं, कमळ. तेवढ्यात दाराला किल्ली लागली आणि निकेत आत आला. ती न्हाणीत गेली आणि नळ सोडून बसली. बाळ रडलं तरी बाहेर आली नाही.

निकेतला म्हटलं, तिला काय बोलतोस, अर्धी झालीय पोरगी. तो म्हणाला, "तू तिला काही विचारत जाऊ नको. तिला त्रास होतो." मी विचारल्यानं त्रास होतो. ठीक आहे, नाही विचारणार.

९ फेब्रुवारी

आज मी भांडले. आयुष्यात पोटच्या पोराशी इतकी भांडले नव्हते.

प्राप्तीची हळद याच शनिवारी आहे! वैशाख नाही, माघ. निकेत जेवताना सहज बोलल्यासारखं बोलला. मुलाला बोटीवर हजर व्हायचंय, म्हणून अलीकडे घेतलं. बोटीवरच्या मुलाला सुट्टीच्या तारखा आधी ठाऊक नसतात का?

मी म्हटलं, उद्याचं तिकीट काढ. तो म्हणाला, मिळत नाही. म्हटलं, उभ्यानं जाईन. त्यावर हसला. मग ताट सरकवून म्हणाला, "आई, कोणी बोलावलंय तुला? आलाय कोणाचा निरोप? तिथे हॉल आहे, भटजी आहे, डीजे आहे. धवले ऐकायला कोण बसतंय आता? लोक तुला बघून 'भूत आलं' म्हणून नाचतील. तेवढ्यासाठी जायचंय?"

मी हातातला घास ताटात ठेवला. रुचिता म्हणाली, "निकेत, बस." तो थांबला नाही. "जा. बाळाला टाकून जा. मी अडवत नाही." बाळ माझ्या मांडीवर होतं. त्यानं माझा अंगठा धरला होता.

खरं तेच आहे, निरोप नाही आला. भावोजींचा नाही, प्राप्तीचा नाही, आणि कमळ, तुझाही नाही. दोन महिने झाले, शब्द नाही. थळला रेंज नाही म्हणे, पण लग्नाला तर घरी आली असशील? तोंडात काय गूळ धरलायस? मी इकडे तुझ्या नावानं टाळ्या वाजवून घेतल्या आणि तू माझ्याशिवाय मांडव घातलास. मेली असतीस तर निदान कोणी कळवलं तरी असतं.

१० फेब्रुवारी

काल लिहिलं ते खोडणार होते. शाई खोडली तरी दिसतेच, म्हणून राहू दे. तोंडात माती पडो माझ्या.

निकेत शांत झाला. म्हणाला, "आई, तू फोनवर म्हण, मी पाठवतो. कमळकाकी तिथे तिचं म्हणेल." आधी नको म्हटलं. मग वाटलं, प्राप्तीची काय चूक? हात धुतले, पदर डोक्यावर घेतला, पाटावर बसले. सगळे म्हटले : मांडवाचा, उंबराच्या फांदीचा, हळदीचा, देव बोलावण्याचा. फक्त माझे झेल. तुझी जागा मोकळी सोडली, तुझ्या श्वासाएवढी मोजून. तू गणपतीला हाक मारतेस तेवढा वेळ गप्प बसले. तू खाडीच्या देवीला बोलावतेस तेवढा वेळ गप्प बसले. मनातल्या मनात तुझं चालूच होतं, म्हणून कुठे चुकले नाही.

निकेत फोन धरून उभा होता. मध्येच त्याचा हात खाली आला. "थांबू नको रे, तिची ओढ चाललीय," म्हटलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तहान लागली म्हणून गेला आणि फोन रुचिताकडे देऊन गेला.

१८ फेब्रुवारी

कमळ, हे पान मी फाडून निकेतकडे देणार आहे, पोस्टात टाकायला. घरी येऊन वाचून दाखवायला आता उशीर होईल, ते खाली सांगते.

आज त्यानं लग्नाची फिल्म दाखवली, थोडीशीच. प्राप्ती किती वाळली आहे! हळदीच्या पाटावर बसून पोरगी हमसून हमसून रडत होती. सासरी जाताना रडावं, हळदीला इतकं कशाला? कोंडाजीभावोजी एका बाजूला खुर्चीवर. डोक्यावर केस बोटभरसुद्धा नाहीत. नातीच्या लग्नात कोणी टक्कल करतं का? तू करू कसं दिलंस? पोरं नाचत होती, बाजा धडधडत होता. मी कान देऊन देऊन ऐकलं. धवला कुठेच नव्हता. माझा पाठवलेलाही नव्हता. आणि तू एकदाही दिसली नाहीस.

मी निकेतला फिल्म परत लावायला सांगितली. परत नाहीस. तिसऱ्यांदा त्यानं फोन खिशात टाकला.

मग बाळाला झोपवता झोपवता माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. तू गायलीच नाहीस! गोदूबाय नाही तर धवला नाही, असं म्हणून तू आत जाऊन बसलीस. पाहुण्यांसमोर आली नाहीस, नातीसमोर आली नाहीस. माझी ती अर्धी गाणीसुद्धा तू लावू दिली नसशील. अर्धा धवला मांडवात आणायचा नाही, सासूबाईंचा नियम. प्राप्ती रडत होती ती त्यानंच. भावोजींनीही तुझ्यावर चिडून टक्कल केलं असेल, त्यांचा राग मला ठाऊक आहे.

आणि मी तुला काय काय बोलले! तू माझ्यासाठी स्वतःच्या नातीच्या हळदीत तोंड शिवून बसलीस आणि मी इथे तुझ्या मरणाचं लिहीत होते. एवढी माया सख्खी बहीणसुद्धा करत नाही. मला रडू आवरेना. रुचिता आली आणि माझ्या पायांशी बसून माझ्यापेक्षा जास्त रडली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, तू कशी गायली नाहीस ते. ती "आई, आई" करत राहिली. निकेत दारात उभा होता. म्हणाला, "हो आई, तसंच झालं असेल."

तर आता वैशाखात यायची घाई उरली नाही. निकेतनं माझे दिवस वाढवून घेतले, बाळ रांगायला लागेपर्यंत. मी हो म्हटलं. लग्न तर होऊन गेलं, आता कोणाच्या हळदीला पोचायचंय? त्यालाही बरं वाटलं, संध्याकाळी माझ्यासाठी बांगडा घेऊन आला. बर्फातला होता, पण आणला.

पण कमळ, मान राखलास तो राखलास, आता अबोला पुरे. तुला लिहिता येत नाही हे कारण चालणार नाही. भावोजींना सांग, नाक्यावरून पेपर वाचून आलात की बसा, आणि मी बोलते तसं लिहा. जास्त नको. खोकला कसा आहे, जेवतेस का, एवढं पुरे. प्राप्तीच्या सासूचा स्वभाव कळला असेल तर तेही. निकेतला म्हटलंय, उत्तर आलं की माझ्याच हातात दे, आधी उघडू नको. तो बरं म्हणाला. इथलं टपाल सकाळी येतं, मी बाळाला घेऊन खालीच जाऊन बसत जाईन. तेव्हा वेळ काढू नकोस, बाय. पान मिळाल्या मिळाल्या लिहायला बसव त्यांना.

तुझी,
गोदू